आपत्तीपूर्वी घराची सिद्धता : जुहूने दिलेला धडा

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील जुहू आज चौपाटीमुळे सर्वपरिचित आहे. तथापि एकोणिसाव्या शतकात ते साष्टीच्या किनाऱ्यालगतचे वाळूचे एक चिंचोळे बेट होते आणि ओहोटीच्या वेळी मधली खाडी चालत ओलांडून तेथे जाता येई. १९२८ साली येथे विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन येथेच उतरले. पावसाळ्यात मात्र हे सखल मैदान चिखलपाण्याने निरुपयोगी होत असल्याने टाटांची विमानसेवा त्या महिन्यांपुरती पुण्याहून चालविली जात असे. जागेचा स्वभाव ओळखून अगोदरच केलेली ही व्यवस्था होती. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरापुरती अशीच व्यवस्था करावी, हे या लेखाचे प्रयोजन आहे.

दोन रात्रींचे दोन अनुभव

२६ जुलै २००५ रोजी जुहूपासून जवळच असलेल्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अवधीत कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली होती. शिवाय दुपारी समुद्रास भरती आली. भरतीच्या वेळी नाल्यांचे पाणी समुद्रात उतरत नाही, उलट समुद्राचेच पाणी नाल्यांत शिरते. उपनगरे जलमय झाली, अनेक भागांतील वीज खंडित झाली, दूरध्वनी मुके झाले. मुंबईत चारशेहून अधिक माणसे या आपत्तीत दगावली.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे २८ जुलैच्या रात्री, जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत जे घडले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. धरण फुटले, त्सुनामीची लाट येत आहे, अशी आवई उठली. आदल्याच वर्षीच्या २६ डिसेंबरच्या त्सुनामीची आठवण लोकांच्या मनात ताजी होती. अरुंद गल्ल्यांतून माणसे जिवाच्या आकांताने धावत सुटली आणि त्या चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक जणांचा, त्यांत लहान मुलांचाही, मृत्यू झाला. धरण फुटले नव्हते, लाटही आली नव्हती. पाण्यातून वाचलेली माणसे खोट्या बातमीने मारली गेली.

म्हणून घराच्या सिद्धतेत पहिले स्थान अन्नधान्याला किंवा बॅटरीलाही न देता खात्रीच्या माहितीस दिले पाहिजे.

पहिली सिद्धता : माहिती

वीज गेली की दूरचित्रवाणी बंद पडते. भ्रमणध्वनीचे मनोरेही काही तासांनी निकामी होऊ शकतात. अशा वेळी सेलवर चालणारा साधा रेडिओ हा घरातील सर्वांत मोलाचा जिन्नस ठरतो. तो आणि सेलचा एक जादा संच वेगळा काढून ठेवावा. सेल रेडिओत घालून ठेवू नयेत, कारण ते पाझरून यंत्र खराब करतात. हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे रंग घरातील प्रत्येकास ठाऊक असावेत : हिरवा म्हणजे काळजीचे कारण नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि तांबडा म्हणजे कृती करा. महानगरपालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि सर्व प्रकारच्या तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतील बाजूस लावावेत.

आपल्या परिसरातील पाणी कोठून येते व कोठे जाते, हेही जाणून घ्यावे. विहार व पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी मिठी नदीला मिळते आणि मिठी माहीमच्या खाडीत उतरते. जुहूचे पाणी प्रामुख्याने इर्ला नाल्यातून समुद्रात जाते व त्याच नाल्यावर पुढे ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाखाली उदंचन केंद्र उभारण्यात आले. त्सुनामी मुख्यतः समुद्रतळाच्या भूकंपामुळे उद्भवते, अतिवृष्टीमुळे नव्हे. एवढे भूगोलाचे ज्ञान त्या रात्री प्रत्येक गल्लीत एकेका माणसापाशी असते, तर धावणारे पाय कदाचित थांबले असते.

दुसरी सिद्धता : वीज नसलेले घर

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगरातील वीज एकाएकी गेली. लोकलगाड्या जागीच थांबल्या आणि काही उपनगरांत वीजपुरवठा सुरळीत होण्यास रात्र झाली. आकाश निरभ्र असतानाही वीज जाऊ शकते, हा त्या दिवसाचा बोध आहे. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर रायगड जिल्ह्यातील कित्येक गावांनी अनेक आठवडे अंधारात काढले.

वीज गेल्यावर पहिली अडचण पाण्याची होते, कारण पंप थांबतो व गच्चीवरील टाकी रिकामी होते. पिण्यासाठी माणशी दररोज सुमारे चार लिटर या हिशेबाने किमान तीन दिवसांचे पाणी झाकणाच्या स्वच्छ भांड्यांत भरून ठेवावे. वापरावयाचे पाणी याहून वेगळे असावे. उजेडासाठी विजेरी वापरावी. वाऱ्यात व गर्दीत मेणबत्ती आगीस कारण होते. जनित्र बंद खोलीत कधीही चालवू नये, कारण त्याच्या धुरातील विषारी वायूस वास नसतो. शीतकपाटाचे दार वारंवार न उघडल्यास आतील गारवा सुमारे चार तास टिकतो. इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाने ते कोरड्या डबीत घालून पाण्याच्या माठालगत ओल्या फडक्याखाली ठेवावे. नियमित औषधांचा किमान आठवड्याचा साठा घरात असावा. वीज नसताना पैशांची देवघेव भ्रमणध्वनीवरून होत नाही, म्हणून सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात.

घरात पाणी शिरण्याचा संभव दिसताच, अंग व जमीन कोरडी असतानाच, मुख्य स्विच बंद करावा. गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर बंद करून टाकी बांधून ठेवावी. पाण्यात उभे राहून कोणत्याही बटणास हात लावू नये. शिधापत्रिका, आधारपत्र, घराचे कागद व शाळेचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवावेत. चणे, गूळ, पोहे, शेंगदाणे असे न शिजविता खाता येणारे पदार्थ हाताशी असावेत.

तिसरी सिद्धता : ठरलेला निर्णय

२६ जुलैला हजारो माणसे घरी पोहोचण्याच्या ओढीने पाण्यात उतरली. मोटारीच्या काचा न उघडल्यामुळे काही जण आतच गुदमरले. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एका ज्येष्ठ डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून अंत झाला. वाहते पाणी गुडघ्याच्या वर असेल तर त्यात उतरू नये, मोटारीत पाणी चढू लागताच काच उघडून बाहेर पडावे, आणि चालणे अपरिहार्यच असेल तर काठीने पुढची जमीन चाचपावी.

या साऱ्यांहून महत्त्वाचे म्हणजे काही गोष्टी कुटुंबात शांतपणे, पावसाळ्यापूर्वी ठरलेल्या असाव्यात. कोणी आहे तेथेच थांबावयाचे, मुलांना शाळेतून कोण आणणार, घर सोडावे लागल्यास कोणत्या शाळेत किंवा सभागृहात भेटावयाचे, आणि पुणे, नाशिक अशा दूरच्या कोणत्या आप्ताला प्रत्येकाने आपली खुशाली कळवावयाची. शहरातल्या शहरात संपर्क होत नसतानाही बाहेरगावचा संपर्क पुष्कळदा साधतो.

पाणी ओसरल्यानंतर पाणी उकळून प्यावे. जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे द्यावे. पुराच्या पाण्यातून चाललेल्या व्यक्तीने लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी विनाविलंब वैद्यकीय सल्ला घ्यावा. २००५ च्या पुरानंतर या रोगानेही मुंबईत बळी घेतले. भिजलेली विद्युत उपकरणे तंत्रज्ञाने तपासल्याखेरीज लावू नयेत.

शिक्षक व पंचायत सदस्यांचे कार्य

शिक्षकांनी पावसाळ्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून प्रत्येक घराची यादी करवून घ्यावी व बातमी पारखण्याचे तीन प्रश्न शिकवावेत : ही बातमी कोणी दिली, तिने ती कोठून मिळविली, आणि नियंत्रण कक्षाने तिला दुजोरा दिला आहे काय? पालक येईपर्यंत मूल शाळेतच सुरक्षित ठेवले जाईल, हे पालकांना आगाऊ सांगितलेले असावे.

ग्रामपंचायत सदस्यांनी वाडीवाडीत, आणि शहरात चाळ व इमारत समित्यांनी गल्लीगल्लीत, एक विश्वासू व्यक्ती नेमावी. तिच्यापाशी रेडिओ, विजेरी व सेलवर चालणारा कर्णा असावा. ती सांगेल तीच बातमी खरी, असा संकेत रुजला पाहिजे. नळयोजनेचा पंप विजेवर अवलंबून असेल तेथे जुनी विहीर व हातपंप वापरात ठेवावेत. वृद्ध, गरोदर स्त्रिया व अपंग यांची नोंद अद्ययावत असावी, म्हणजे कोणास प्रथम हलवावयाचे याचा खल ऐन वेळी करावा लागणार नाही.

या सिद्धतेस फार पैसा लागत नाही. मे महिन्यातील एखाद्या रविवारी कुटुंबाने एकत्र बसून यादी करावी, रात्री अर्धा तास घरातील वीज मुद्दाम बंद करून विजेरी, रेडिओ व औषधे अंधारात हाती लागतात की नाही ते पाहावे, आणि जे सापडले नाही त्याची जागा दुसऱ्याच दिवशी निश्चित करावी.