पाळी केव्हा गेली आणि कशी गेली?

डिचोलीकडील पन्नाशीच्या स्त्रीस ‘पाळी केव्हा गेली?’ असे विचारले, तर उत्तर क्वचितच वर्षात मिळते. ‘थोरला दहावीला होता तेव्हा’, ‘खाण बंद पडली तेव्हा’ अशी खूण ती सांगते. खाणी २०१२ च्या सप्टेंबरात थांबल्या, तशाच पुन्हा २०१८ च्या मार्चमध्येही. म्हणून कोणती बंदी हेही विचारून घ्यावे लागते. हा खटाटोप व्यर्थ नव्हे. सलग बारा महिने पाळी न आल्यावरच निश्चित होणारे हे वय पुढील आयुष्यातील हाडांच्या व हृदयाच्या प्रकृतीशी निगडित आहे.

पाश्चात्त्य स्त्रियांत रजोनिवृत्ती सरासरीने ५१ व्या वर्षी, चिनी स्त्रियांत ४९-५० च्या सुमारास, तर भारतीय स्त्रियांत ४६-४७ व्या वर्षीच येते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याने आईची पाळी केव्हा गेली हेही विचारावे. धूम्रपानाने ती एक-दोन वर्षे अलीकडे येते; हलाखी, कृशता व अपत्यहीनता यांचाही संबंध आढळला आहे.

लक्षणांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणीत चिनी व जपानी वंशाच्या स्त्रियांनी अंगातून वाफा येण्याची तक्रार कमी सांगितली, कृष्णवर्णीय स्त्रियांनी सर्वाधिक. हा फरक शरीराचा की सांगण्याच्या रीतीचा? माझ्या मते दोहोंचा. आपल्याकडची स्त्री गुडघे, कंबर आणि झोप यांसाठी येते. रात्री घामाने जाग येते का, हे विचारल्यावाचून ती बोलत नाही. योनीतील कोरडेपणा आणि लघवीवरील ताबा यांविषयी तर सासू वा मुलगा शेजारी बसला असता ती बोलणारच नाही. पेडण्याच्या दवाखान्यात काय, डिचोलीत काय, त्यांना थोडा वेळ बाहेर बसवणे हा तपासणीचाच भाग मानावा. (थायरॉइडचा विकारही याच वेषात येतो, हेही विसरू नये.)

‘पाळी गेली’ याचा अर्थ पुष्कळदा ‘पिशवी काढली’ असा निघतो. शेजारच्या महाराष्ट्रात, बीड जिल्ह्यात, तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये विधिमंडळात सांगण्यात आले. त्यांत ऊसतोडणी करणाऱ्या अनेक स्त्रिया होत्या. म्हणून आपल्या रुग्णेलाही शस्त्रक्रिया कोणत्या वयात झाली, कशासाठी झाली आणि बीजकोश राखले की काढले, हे विचारावे व जुना कागद मागवावा. बीजकोश काढल्यास लक्षणे एकाएकी व तीव्रतेने येतात. राखले तरी ते काहीसे लवकर थकतात.

पंचेचाळिशीच्या आत पाळी गेलेल्या स्त्रीस, स्तनाच्या कर्करोगासारखी बाधक स्थिती नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके देणे हितावह ठरते. २००२ च्या अमेरिकन चाचणीची भीती आजही अनेकांच्या मनात आहे. पण त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. तो निष्कर्ष चाळिशीतील स्त्रीला जसाच्या तसा लावणे म्हणजे तिची हाडे अकारण झिजू देणे होय.

पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी ती ‘परत आलेली पाळी’ नव्हे. घरची चवथ वा गावची जत्रा आटोपण्याची वाट न पाहता सोनोग्राफी करावी, आणि गरज भासल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणीस पाठवावा.