करवतीवरचा सिंह कारवर कसा आला? प्यूजोच्या लोगोची गोष्ट

ट्रेनिंगला आलेला माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, "लोगो कसा करू?" माल काय विकणार ते अजून ठरलेलं नसतं, पण लोगो पाहिजे! म्हणून आज प्यूजो या फ्रेंच कार कंपनीचा सिंह बघू.

प्यूजो कुटुंबाने १८१० मध्ये आपल्या पिठाच्या गिरणीचा पोलादाचा कारखाना केला. करवतीची पाती, कॉफी दळायच्या हातगिरण्या असा त्यांचा माल. १८४७ मध्ये त्यांनी एका सोनाराकडून सिंह काढून घेतला आणि १८५८ मध्ये तो रीतसर नोंदवला. बाणावरून चालणारा सिंह. तेव्हा कारचा पत्ताही नव्हता, सिंह होता करवतीसाठी.

सिंहच का? दात सिंहाच्या दातांसारखे टिकाऊ, पातं त्याच्या कण्यासारखं लवचिक, आणि काप त्याच्या झेपेसारखा वेगवान. बघा, यातलं काहीच हवेतलं नाही. सुतार पातं वाकवून बघणार, चार फळ्या कापून बघणार, खोटं असेल तर दुसऱ्या दिवशी तोंडावर आणून टाकणार. तुमच्या मालाचे असे तीन गुण वहीत लिहा, गिऱ्हाईकाला स्वतः तपासता येतील असे. 'उत्तम दर्जा' लिहिलंत तर खोडा.

आता घरातली भानगड. आर्मां प्यूजोला कार बनवायच्या होत्या. चुलतभाऊ एजीनला सायकली आणि हत्यारांचा धंदा बरा वाटत होता. १८९६ मध्ये आर्मांने वेगळी कंपनी काढली. पण १९०६ च्या सुमारास चुलतभावाकडच्या फर्मनेही कार आणल्या, नाव 'लिऑं-प्यूजो', म्हणजे सिंह-प्यूजो! एकाच आडनावाच्या दोन कार कंपन्या बाजारात. शेवटी १९१० मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र आल्या. आपल्याकडे एकाच गल्लीत 'मूळ', 'अस्सल' आणि 'जुने' अशा पाट्यांची तीन दुकानं का असतात, कळलं ना? भावाबरोबर धंदा करताय तर नाव आणि लोगो कोणाचा, हे भांडण व्हायच्या आधी कागदावर घ्या. ट्रेडमार्कचा अर्जही तेव्हाच करा.

चित्र मात्र बदलत राहिलं. १९४८ च्या २०३ गाडीवर मागच्या पायांवर उभा सिंह आला, तो त्यांच्या प्रांताच्या चिन्हातला. साठच्या दशकात ढालीत नुसतं डोकं, मग पुन्हा उभा सिंह. नव्वदच्या दशकात आपल्या कल्याणला प्रीमियरबरोबर बनलेली प्यूजो ३०९ काहींना आठवत असेल, तिच्यावर हाच. २०२१ मध्ये परत ढाल आणि डोकं.

आणि मिरी दळायची प्यूजोची हातगिरणी? १८७४ मध्ये आली, आजही विकली जाते.