निकाल लागला, मुदत संपली



निकालाच्या दिवशी आपल्या हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते, "पेपर मस्त गेला होता यार, तरी उडालो." दुसरा म्हणतो, "सोड ना, पुढच्या वेळी निघेल." विषय तिथेच संपतो. मीही एकदा असाच सोडून दिला होता.

सेकंड इयरला हिवाळी परीक्षेचा निकाल नेमका होळीच्या तोंडावर लागला. मी गावाकडे, धडगावच्या पुढे डोंगरात. काठीची होळी चुकवायची नाही हा आमच्या घरचा नियम, आणि मोबाईलला रेंज पाहिजे तर टेकडी चढायची. परत आलो तेव्हा मॅथ्स-थ्री गेल्याचे कळले. सोबत हेही कळले, की उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागायची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली. ऑफिसातले काका म्हणाले, "बाळा, मी काय करू? लिंकच बंद झाली." चूक त्यांची नव्हती, माझी होती. त्या पेपरात नक्की काय झाले ते मला आजही माहीत नाही.

आज फोटोकॉपी मागणे साधे वाटते, पण त्यासाठी आधीच्या मुलांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्यात. प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. राज्य शिक्षण मंडळाचा नियम होता की गुणांची पडताळणी करून मिळेल, उत्तरपत्रिका बघायला किंवा पुन्हा तपासून मिळणार नाही. विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८४ साली तिथे मंडळ जिंकले. परितोष शेठ खटला म्हणतात तो हाच. पुढे २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. मग ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे, आणि विद्यार्थ्याला ती पाहता येईल, तिची प्रतही मिळेल. मध्ये सत्तावीस वर्षे गेली!

पण त्याच निकालात दोन गोष्टी आहेत, ज्या आपली मुले वाचत नाहीत. उत्तरपत्रिका जितके दिवस जपून ठेवायचा नियम आहे, तितकेच दिवस ती मागता येते. दुसरे म्हणजे, पेपर बघायचा हक्क म्हणजे पुन्हा तपासून घ्यायचा हक्क नव्हे. पुनर्मूल्यांकन विद्यापीठाच्या नियमात असेल तरच मिळते, आणि त्याच नियमात मुदत, फी, आणि गुण कमी झाले तर काय, हे सगळे लिहिलेले असते. म्हणून आधी फोटोकॉपी, मग विचार. थेट रिव्हॅल्युएशनची फी भरणे म्हणजे इंजिन न उघडता पार्ट बदलण्यासारखे आहे.

थर्ड इयरला थिअरी ऑफ मशिन्समध्ये पुन्हा उडालो, तेव्हा मात्र पहिल्याच दिवशी अर्ज टाकला. प्रत आली. कॅमची आकृती मी पुरवणीवर काढली होती, त्या पानावर लाल शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. विषयाच्या सरांकडे प्रश्नपत्रिकेसह गेलो. सर म्हणाले, "अन्याय झाला वगैरे लिहू नकोस. प्रश्न क्रमांक, पान क्रमांक आणि काय राहिले ते लिही." अर्ज चार ओळींचा झाला. गुण वाढले, पास झालो. पण निकाल यायला इतका वेळ लागला की मधल्या काळात केटीचा फॉर्मही भरून ठेवावा लागला. तो भरला नसता आणि गुण वाढले नसते तर एक अख्खी परीक्षा हातची गेली असती. तेव्हा अर्ज केलाय म्हणून निवांत बसू नका.

टर्मवर्कचे गुण, हजेरीवरून डिटेन करणे, फी वाढवून मागणे, मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे, यांना हा रस्ता चालत नाही. त्यासाठी यूजीसीचे २०२३ चे तक्रार निवारण नियम आहेत. कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिच्यात निदान एक महिला आणि निदान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी प्रवर्गातला असतो. आपल्यासारख्या आदिवासी जिल्ह्यात ही अट मला फार मोलाची वाटते, कारण पावरा किंवा भिल्ल घरातला पहिल्या पिढीचा मुलगा केबिनच्या दारातूनच माघारी फिरतो, हे मी पाहिले आहे. समितीने तक्रार आल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, आणि त्यांनी ३० दिवसांत ते निकाली काढायचे. नुसते "मार्क कमी पडले" म्हणून लोकपाल ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठराविक गडबड किंवा भेदभाव दाखवावा लागतो.

तोंडी तक्रारीला इथे काही किंमत नाही. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. शिक्का मागताना लाज वाटते, मलाही वाटली होती. कॉपी केसमध्ये तर घाबरून न वाचता कुठल्याही जबाबावर सही करू नका, आणि आपले म्हणणे लेखी द्या.

सुट्टीत गावी जाताना पीआरएन नंबर आणि लॉगिन रूममेटकडे ठेवून जात जा. माझा मी आता ठेवतो, आणि होळीलाही जातो. चार ओळींच्या त्या अर्जाची झेरॉक्स मेसच्या नोटीस बोर्डावर लावली आहे, नाव तेवढे बदलून घ्या.