ठिपके, रेषा आणि ज्वारी

सोलापूरच्या काळ्या भुईंत रब्बीची ज्वारी पिकते ती बहुतांशीं जमिनींत मुरलेल्या ओलीवर. पाऊस इतका झाला तर पीक किती येईल, हा प्रश्न येथील शेतकऱ्यास पूर्वापार पडत आला आहे. १९३३ सालीं सोलापुरांत कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें, तेंही अशाच प्रश्नांच्या उत्तरांसाठीं. या प्रश्नाकडे गणिताच्या दृष्टीनें कसें पाहावें, तें आम्ही येथें विद्यार्थिमित्रांस सांगूं इच्छितों.

उदाहरण लहान घेऊं. आंकडे कल्पित आहेत. समजा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस तीन वर्षीं अनुक्रमें १००, २०० व ३०० मिलिमीटर झाला, आणि ज्वारी एकरीं ३, ५ व ४ क्विंटल आली. संगणकावर एक्सेलमध्यें पहिल्या स्तंभांत पाऊस व दुसऱ्यांत उत्पन्न लिहून ‘स्कॅटर’ हा आलेख निवडावा; तीन ठिपके उमटतात. ठिपक्यावर माउसची उजवी कळ दाबून ‘ॲड ट्रेंडलाइन’ व त्यांत ‘लिनियर’ घ्यावें. रेषा तत्काळ दिसते. समीकरण दाखविण्याच्या चौकटींत खूण केली कीं तेंही उमटतें. त्याचा अर्थ असा: उत्पन्न = ३ + ०.००५ × पाऊस.

हीच रेषा कां? तिच्यावरून उत्पन्न ३.५, ४ व ४.५ येतें, म्हणजे खऱ्या आंकड्यांशीं फरक अर्धा, एक व अर्धा क्विंटल. या फरकांच्या वर्गांची बेरीज १.५. दुसरी कोणतीही सरळ रेषा काढा, ही बेरीज वाढेल. लघुतम वर्गांची ही रीत फ्रेंच गणिती लजांद्र यानें १८०५ सालीं प्रसिद्ध केली.

आतां रेषा मागें शून्यापर्यंत वाढवून पाहा. त्या दोन महिन्यांत थेंबही न पडतां एकरीं ३ क्विंटल ज्वारी! १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आजोबांना हें सांगून पाहावें. पुढें वाढविली तर पाऊस जितका अधिक तितकें पीक अधिक, असें ती सांगत राहील. परंतु आपल्या तिसऱ्या ठिपक्याला पाऊस वाढूनही पीक घटलें आहे. शिवाय तीनच वर्षांवरून कोणताही नियम ठरत नाहीं. रेषेला पेरणीची वेळ ठाऊक नाहीं, कीड ठाऊक नाहीं, जमिनीची खोलीही ठाऊक नाहीं. तिच्या भरंवशावर बियाण्यासाठीं कर्ज काढणारा मात्र फसेल.

म्हणून आमची विनंती अशी कीं, ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांनीं वडिलांकडून दहा-बारा वर्षांचें उत्पन्न विचारून घ्यावें, पावसाच्या नोंदी मिळवाव्या, आणि ठिपके मांडावे. रेषेपासून जो ठिपका फार दूर पडेल, त्या वर्षीं शेतांत काय घडलें होतें, हें वडिलांना अवश्य विचारावें. उत्तर देण्यास पालकांनीं थोडा वेळ काढावा. तें संगणकापाशीं मिळणार नाहीं.