शिडीखाली कोणीतरी असावे



अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या कुशीत वसलेल्या लहान गावांत उन्हाळ्यापुरती जी नाट्यगृहे गजबजतात आणि बर्फ पडू लागण्यापूर्वी ज्यांचा बहुतेक कारभार आवरला जातो, त्यांना हंगामी नाट्यगृहे म्हणता येईल. अशा नाट्यगृहात पडद्यामागे राबणाऱ्या माणसाने किती राबावे, कोठे थांबावे आणि विशेषतः रात्री-अपरात्री शिडीवर एकट्याने चढावे की नाही, हा मामाने भाचीस लिहिलेल्या प्रस्तुत पत्राचा विषय आहे. मामाची हयात नाट्येतिहास शिकवण्यात गेल्यामुळे त्याचे साधे खुशालीचे पत्रही प्रबंधाच्या वळणावर जाते, हे भाचीला पूर्वीपासून ठाऊक आहे. रागाच्या भरात ते अधिकच जाते, हेही तिने आता ध्यानात घ्यावे.

डेन्व्हरच्या दादाने जे कळवले ते थोडक्यात असे. तो घाट ओलांडून भाचीचे काम पाहण्यास गेला, प्रयोग संपून मंडळी पांगली, आणि मध्यरात्र उलटल्यावर तो तिला शोधत प्रेक्षागृहात परतला, तेव्हा ती रिकाम्या रंगमंचावर घोड्याच्या, म्हणजे दोन्हीकडे पाय फाकवून स्वतःच्याच आधाराने उभ्या राहणाऱ्या शिडीच्या, अगदी वरच्या पायरीवर उभी राहून दिव्याचा रोख बदलत होती. खाली कोणी नव्हते, इमारतीतही कोणी नव्हते, आणि आदल्या रात्रीही जेमतेम तीन तास झोप झाल्याचे तिने हसत हसत सांगितले. ‘इथे सगळे असेच करतात’ हे तिचे उत्तर दादाने जसेच्या तसे कळवले आहे. ताईच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या, कानांवर यातले काहीही घातलेले नाही, कारण तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि तिच्या समजुतीप्रमाणे भाची अजून ‘नाटकाचे कपडे सांभाळते’.

‘सगळे असेच करतात’ या वाक्यामागे इतिहास आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. कोलोरॅडो राज्यातील सेंट्रल सिटी हे सोन्याच्या खाणींचे गाव १८७४ मध्ये आगीत जळाले, म्हणून १८७८ मध्ये तेथील ऑपेरागृह जाड दगडी भिंतींचे बांधण्यात आले; खाणी मंदावल्या तसे तेही ओस पडले आणि १९३२ मध्ये उन्हाळी महोत्सवाच्या निमित्ताने पुन्हा उघडले. भाची ज्या सान हुआन पर्वतराजीत आहे, तेथीलच क्रीड गावाची कथा याहून बोलकी आहे. तेथे १८९० च्या सुमारास चांदी लागली आणि पाहता पाहता हजारोंची वस्ती झाली, १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला, खाणकाम त्यानंतरही रखडत चालू राहिले. अखेर १९६६ मध्ये गावातील तरुण व्यावसायिकांनी, उन्हाळ्यात चार प्रवासी यावेत या हेतूने, विद्यापीठांना पत्रे धाडली, कॅन्सस विद्यापीठातून विद्यार्थ्यांचा एक चमू आला आणि गावाला नाटक मिळाले. ती संस्था आजही चालू आहे, गावाची कायम वस्ती मात्र तीनशेच्या आत आहे. खाणीचे गाव नाटकाने तगले ही गोष्ट कोणाही नाट्यवेड्या माणसाला भुरळ घालील अशीच आहे, आणि अशा संस्थांत प्रत्येकाने पडेल ते काम करावे अशी रीत आहे. परंतु ते विद्यार्थी चमूने आले होते. त्यांच्यापैकी एकाने रात्री एकट्याने घोड्यावर चढावे म्हणून कोणी त्यांना बोलावले नव्हते.

या नाट्यगृहांची कार्यपद्धती पाहिली की रात्रीचे काम का साचते हे कळते. तेथे ‘रेपर्टरी’ पद्धत चालते, म्हणजे एकच नटसंच हंगामभर तीन, चार किंवा अधिक नाटके आलटून पालटून करतो; हेतू असा की, डोंगरात तीन दिवस मुक्कामाला आलेल्या प्रवाशाने तीन निरनिराळी नाटके पाहावीत. प्रवाशाची सोय होते, तिची किंमत मात्र पडद्यामागे मोजली जाते, कारण दुपारचे नाटक संपताच त्याचे नेपथ्य उतरवून, ज्याला तेथे ‘स्ट्राइक’ म्हणतात, रात्रीच्या नाटकाचे उभे करावे लागते, फर्निचरच्या जागा दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या पुन्हा तपासाव्या लागतात आणि तेच दिवे दुसऱ्या नाटकासाठी दुसरीकडे रोखावे लागतात. मराठी माणसाला यात नवल वाटू नये, कारण मराठी व्यावसायिक नाटकाचा संच रोज बसतो आणि रोज उतरतो, एकाच नाट्यगृहात दुपारी एका आणि रात्री दुसऱ्या नाटकाचा प्रयोग असतो, आणि फ्लॅट, लेव्हल, झालरी, प्रॉपर्टी हे सारे नेपथ्याचे सामान बसच्या टपावर किंवा टेम्पोत चढवून पुढच्या गावी न्यावे लागते. फरक इतकाच की, मराठी दौऱ्यावर बस सर्वांना घेऊनच सुटते आणि शेवटचा फ्लॅट चढेपर्यंत चार जण आसपास असतातच, त्यामुळे तेथे माणूस थकतो, उपाशी राहतो, शिव्याही खातो, परंतु सहसा एकटा पडत नाही. डोंगरातल्या नाट्यगृहात संच गावातच राहतो, ‘सकाळी पाहू’ म्हणून मंडळी झोपायला जातात, आणि ज्याला किंवा जिला सकाळपर्यंत धीर धरवत नाही ती एकटी मागे उरते. भाचीचा स्वभाव घरात कोणाला ठाऊक नाही?

मोबदल्याचा प्रश्न येथे लांबवण्याचे कारण नाही. वर्षातून सात महिन्यांहून अधिक न चालणाऱ्या करमणुकीच्या संस्थांना त्या देशाच्या संघराज्यीय कायद्यात किमान वेतनाच्या व जादा कामाच्या नियमांतून सूट मिळू शकते, एवढे सांगून ठेवले म्हणजे पुरे. रात्री एक वाजता केलेल्या कामाची नोंद कोठे होते का, हे मात्र तिने विचारून घ्यावे.

दुसरी बाब उंचीची आहे, आणि हंगामी नाट्यगृहांविषयी कौतुकाने लिहिणारे ती गाळतात. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. क्रीड गाव सुमारे २,७०० मीटरवर वसले आहे आणि भाचीचे गावही त्याच पातळीवर असल्याचे दादा सांगतो, म्हणजे ती जेथे खिळे ठोकते ती जमीनच कळसूबाईच्या माथ्याहून हजार मीटर वर आहे. सुमारे २,५०० मीटरच्या वर हवेचा दाब इतका कमी होतो की, नव्याने आलेल्या माणसाचे डोके दुखते, दम लागतो, आणि झोपेत श्वास मध्येच मंदावून पुन्हा जोराने सुरू होत असल्याने रात्रभर जाग येत राहते. तेव्हा तेथील तीन तासांची झोप ही कोल्हापुरातल्या तीन तासांच्या झोपेइतकीही नव्हे. अशा झोपेवर, हाती लोखंडी पाना घेऊन, तापलेल्या दिव्याशी, अंधाऱ्या सभागृहात, वरच्या पायरीवर! या शब्दांच्या क्रमाकडे भाचीने एकदा शांतपणे पाहावे.

शिडीचे नियम तिला कोणी शिकवले नसतील असे नाही, तरी मामाचे समाधान व्हावे म्हणून ते येथे देण्यात येत आहेत. घोड्याच्या सर्वांत वरच्या दोन पायऱ्या उभे राहण्यासाठी नसतात. तेवढ्याने हात पोहोचत नसेल तर मोठा घोडा आणावा, चवडे उंचावू नयेत. पाना दोरीने मनगटाला बांधावा. दिव्याचा मुख्य नट सैल करण्यापूर्वी त्याची सुरक्षेची तार दिवा टांगलेल्या नळीभोवती अडकवलेली आहे हे डोळ्यांनी नव्हे, हाताने तपासावे. आणि शिडीखाली माणूस असावे, जे शिडी धरील, वरून काही निसटल्यास हाक देईल आणि वरचे माणूसच निसटल्यास धावत जाऊन कोणाला तरी उठवील. यातील शेवटचा नियम वगळून बाकीचे सर्व पाळले तरी ते पाळले असे म्हणता येत नाही. नाट्यगृह ही मुळातच लाकूड, कापड, वीज आणि अंधार एकत्र नांदणारी जागा आहे. शिकागोचे इरोक्वा नाट्यगृह १९०३ च्या डिसेंबरात जळाले तेव्हा एका दिव्याची ठिणगी कापडाला लागण्याचे निमित्त झाले आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आपल्याकडे छत्रपती शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, त्या वेळी भाचीने तिकडून फोन करून किती रडारड केली होती हे घरात सर्वांना आठवते. वास्तूसाठी इतके रडणाऱ्या मुलीने स्वतःच्या हाडांविषयी इतके बेफिकीर असावे याचा अर्थ लागत नाही.

त्याच नाट्यगृहाच्या विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला, मामाची उमेदीची काही वर्षे गेली, हे भाचीने ऐकले आहे; जे तिने ऐकलेले नाही ते असे की, बाहेरगावची कंपनी आली म्हणजे स्थानिक मदतनीस म्हणून दिवे बांधण्याचे काम त्याच्याकडे येई, आणि ‘शिडी धर रे’ असे कोणाला म्हणणे त्याला कमीपणाचे वाटे. एका रात्री आजोबा मंगळवार पेठेतून जेवणाचा डबा घेऊन चालत आले, डबा पेटाऱ्यावर ठेवून त्यांनी काही न बोलता शिडीचे पाय धरले आणि धोतराचा सोगा सावरत तसेच उभे राहिले. कंपनीतली दोन पोरे हसली. मामाने वरूनच आजोबांना घरी जाण्यास सांगितले, आणि ज्या शब्दांत सांगितले ते शब्द येथे लिहिण्यासारखे नाहीत. आजोबा निघून गेले, त्यानंतर ते नाट्यगृहात प्रेक्षक म्हणूनही आले नाहीत, आणि घरी या गोष्टीचा उच्चार पुढे कोणीही केला नाही. नाट्येतिहासाचे इतके अध्यापन करूनही त्या रात्रीची नोंद कोणत्या प्रकरणात करावी हे मामाला ठरवता आलेले नाही.

हे सारे लिहून झाल्यावर राग पुष्कळसा ओसरला आहे, हे मान्य करावे लागते. दादाने तक्रारीच्या शेवटी आणखीही काही कळवले होते, ते आतापर्यंत राखून ठेवले, कारण आधी सांगितले असते तर रागावणे जमले नसते. दुसऱ्या अंकाच्या आरंभी ब्लॅकआउट होतो, म्हणजे सर्व दिवे एकदम जातात, आणि पुन्हा उजळतात तेव्हा जेथे काही नव्हते तेथे टेबल, त्यावर अंथरलेला रुमाल आणि वाफाळता चहा असतो. ते टेबल काळ्या कपड्यांतली भाची अंधारात, जमिनीवरच्या इंचभर चमकत्या पट्टीच्या खुणेने, आवाज न करता आणून ठेवते. नाटकात हमखास डुलक्या काढणारा दादा त्या टेबलासाठी जागा राहिला, असे तो स्वतः म्हणतो. हे काम उत्तम आहे, आणि ज्या कामाची दखल कोणी घेत नाही त्यात इतके मन घालणारी मुलगी घराण्यात निपजली याचा मामाला अभिमान आहे. तो तिला तोंडावर सांगण्याची घरात पद्धत नाही, एवढेच.

तेव्हा भाचीने दिव्याचे काम शक्यतो दिवसा मागून घ्यावे, आणि रात्री करावेच लागले तर कोणाला तरी, मग तो नट असो की तिकिटे विकणारी मुलगी असो, बेलाशक उठवून आणावे. उठवल्याचा राग दुसऱ्या दिवशी चहाबरोबर जातो. दुपारनंतर तिकडेही जुलै-ऑगस्टात मान्सूनचे ढग येतात आणि विजा पडतात असे वाचनात आहे, तेव्हा डोंगरावर फिरायला जाणे सकाळीच आटोपावे. पाणी पीत राहावे. मेतकूट आणि कुळथाचे पीठ दादाकडे पोहोचले आहे. भात शिजायला त्या उंचीवर वेळ लागतो, म्हणून कुकर वापरावा.

तिकडे संध्याकाळी साडेसातला प्रयोग सुरू होतो तेव्हा कोल्हापुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात वाजलेले असतात, आणि मामाचा त्या वेळचा चहा अलीकडे हमखास गार होतो. प्रयोग संपल्यावर भाचीने एका ओळीचा निरोप पाठवावा. मजकूर काहीही चालेल. ताईला यातले काही कळणार नाही याची हमी आहे, पण रविवारी तिला फोन करावा आणि कपड्यांविषयीच बोलावे.

एक राहिले. रंगमंचावर पुढे पोलादी टोपी असलेले, जड वस्तू पडली तरी बोटे वाचवणारे बूट घालावे लागतात, आणि भाची अजून कॅनव्हासच्या बुटांवरच वावरते असेही दादाने सांगितले आहे. पैसे त्याच्याकडे दिले आहेत. मामाकडच्या वहीत तिच्या पायाचे जे माप आहे ते बारावीच्या वर्षातले आहे, तेव्हा आताचे कळवावे, आणि जाड मोजे घालून घेतलेले कळवावे.