‘कॅरी ऑन’ : अर्थ आणि उपयोग

इंग्रजीत क्रियापदाला एखादे लहान अव्यय जोडले की मूळ अर्थ पालटतो. ‘कॅरी’ म्हणजे वाहून नेणे. परंतु ‘कॅरी ऑन’ म्हणजे हाती घेतलेले काम पुढे चालू ठेवणे. त्यानंतर क्रियापद आल्यास त्याला ‘इंग’ प्रत्यय लागतो, जसे ‘कॅरी ऑन वर्किंग’. नाम आल्यास बहुधा ‘विथ’ योजतात : ‘कॅरी ऑन विथ द वर्क’. दोहोंचा अर्थ ‘काम चालू ठेवा’ असाच होतो.

‘कॅरी आउट’शी याची गल्लत होऊ नये. ‘कॅरी आउट द रिपेअर्स’ म्हणजे दुरुस्ती पार पाडावी. ‘कॅरी ऑन विथ द रिपेअर्स’ म्हणजे सुरू असलेली दुरुस्ती थांबवू नये. एका अव्ययाच्या फरकाने आदेशाचा आशय बदलतो.

मात्र व्यापार किंवा धंदा यांच्यासंबंधात ‘कॅरी ऑन’चा अर्थ ‘चालवणे’ असा व्यापक होतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये नागरिकांस कोणताही व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्याचा हक्क याच शब्दांत दिलेला आहे. तेथे ‘चालू ठेवणे’ असा अर्थ घेतल्यास नव्याने धंदा सुरू करणारा त्या हक्कातून वगळला जाईल. वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून तो हक्क त्यालाही आहे.

म्हणून भाषांतर करताना काम आधीपासून सुरू आहे काय, हे प्रथम पाहावे आणि मगच मराठी प्रतिशब्द निश्चित करावा.