शिवारातील खेळ आणि मुलांची वनस्पतींशी ओळख

शेतकऱ्याच्या मुलाची झाडाझुडपांशी पहिली ओळख खेळातून होते. कोणते बोर गोड, कोणत्या काट्याने पाय सुजतो, कोणत्या पानाची पत्रावळ होते, हे औत धरण्याइतके बळ हातात येण्यापूर्वीच त्यास कळलेले असते. हे ज्ञान पुढे शेतीच्या कामी येते व प्रसंगी जीवही वाचविते. परंतु हे खेळ मागे पडत चालले आहेत. नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील शिवार डोळ्यांसमोर ठेवून यांपैकी काही खेळांचा आणि त्यांतून मुलांस देता येणाऱ्या पाठांचा येथे विचार केला आहे.

धांड्याची बैलगाडी

ज्वारीची काढणी झाली की मुले कडब्याच्या पेंढीतून जाड धांडे निवडून काढीत. वरची कठीण साल सोलून तिच्या चोया करावयाच्या, आतील पांढऱ्या भेंडाचे तुकडे पाडावयाचे व त्यांत चोया टोचून बैलगाडी उभी करावयाची, असा हा खेळ असे. गाडी करता करता ताटाची रचना मुलाच्या हाती लागे. ताटास ताठ उभे ठेवते ती बाहेरची साल. भेंडात विखुरलेले जे बारीक धागे दिसतात, त्यांतून पाणी व अन्नरस वाहतात. तुराटी मोडून पाहिली असता मात्र तीत असे भेंड व विखुरलेले धागे न दिसता लाकूड दिसते. एकदल व द्विदल वनस्पतींतील हा भेद पुस्तकातील चित्रापेक्षा हातातील धांड्यावरून लवकर समजतो.

गेल्या काही दशकांत खरीप ज्वारीची जागा बऱ्याच ठिकाणी सोयाबीनने घेतली. सोयाबीनचे मळणीत भुसकट होते. त्याची गाडी होत नाही. म्हणून ज्याने ज्वारी पेरली असेल त्याने काढणीनंतर चार धांडे मुलांसाठी बाजूस ठेवावेत. साल धारदार असल्याने ती सोलताना लहान मुलांजवळ मोठ्या माणसाने बसावे.

वेळा अमावस्येचा पाठ

मार्गशीर्ष अमावस्येस लातूर जिल्ह्यात व नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत वेळा अमावस्या पाळली जाते. त्या दिवशी घरातील सर्व मंडळी रानात जातात. कडब्याची कोप करून पूजा होते आणि भज्जी, आंबील, उंडे यांचे वनभोजन होते. गावातील लहानथोर एकाच दिवशी पिकात उभे असतात, असा दुसरा दिवस वर्षात क्वचितच येतो. मुलांस पीक दाखविण्यास याहून चांगली संधी नाही.

भज्जीसाठी तुरीच्या व वालाच्या ओल्या शेंगा सोलण्याचे काम मुलांकडे द्यावे. सोलताना पोखरलेली शेंग हाती आली की ती टाकू न देता दाखवावी. हरभऱ्यावरील घाटे अळी डोके घाट्याच्या आत व शरीराचा मागील भाग बाहेर ठेवून दाणे खाते. ही खूण एकदा पाहिलेले मूल ती विसरत नाही, व पुढे पिकावरील कीड वेळीच ओळखते.

हरभऱ्याच्या पानास हात लावून बोट चाखले की ते आंबट लागते. ही हरभऱ्याची आंब होय. पहाटे पिकावरून स्वच्छ धुतलेले फडके फिरवून ती गोळा करण्याची जुनी रीत आहे. फवारणी केलेल्या पिकाची पाने वा आंब मात्र मुलांस चाखू देऊ नये.

त्याच वेळी खुरप्याने हरभऱ्याचे एक रोप मातीसह अलगद काढून मुळे पाण्यात धुवावीत. मुळांवरील गाठींपैकी एक नखाने फोडावी. आतून गुलाबी वा तांबूस दिसली तर तिच्यातील जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देत आहेत असे समजावे. पेरणीपूर्वी बियाण्यास जिवाणूसंवर्धक का लावावयाचे, याचे उत्तर मुलास येथे मिळते.

कोयीची पिपाणी व निंबोळीचा ढीग

पावसाच्या आरंभी उकिरड्यावर आंब्याच्या कोयी रुजतात. अशी कोय दगडावर घासून मुले तिची पिपाणी वाजवितात. घासण्यापूर्वी ती उकलून आतील दोन जाड दले दाखवावीत. मूळ जमिनीत स्थिर होईपर्यंत रोप याच शिदोरीवर वाढते. अशाच कोवळ्या रोपावर चांगल्या जातीची काडी बांधून कोय कलम करतात, हेही सांगावे.

कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचण्याची मुलांस आवड असते. त्या सावलीत वाळवून साठवाव्यात. ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून व २०० ग्रॅम साबणाचे द्रावण मिसळून एकूण १०० लिटर पाणी केले की ५ टक्के निंबोळी अर्क तयार होतो. मुलांनी निंबोळ्या वेचाव्यात. फवारणी मात्र मोठ्यांनीच करावी.

खेळातील धोका

सर्वच झाडे खेळण्याजोगी नाहीत. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या मुले खेळास घेतात. परंतु त्यांतील गर पोटात गेल्यास हृदयाचे ठोके बिघडतात व मृत्यूही ओढवू शकतो. कुंपणावरील मोगली एरंडाचे बी चवीस बरे लागते, म्हणून मुले ते खातात. त्याने तीव्र उलट्या व जुलाब होतात. एरंडाचे बी व लाल-काळी गुंज चावून खाणे प्राणघातक ठरू शकते. धोतऱ्याच्या बियांनी तोंडास कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात व मूल बरळू लागते. गाजरगवताच्या स्पर्शाने अंगास खाज सुटते, काहींस दम्याचाही त्रास होतो.

असे बी मुलाने खाल्ल्याची शंका येताच मीठपाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता मुलास तत्काळ दवाखान्यात न्यावे. गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खाल्लेल्या बियांचा किंवा फांदीचा नमुना सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांस उपचार ठरविणे सोपे जाते.

कार्यकर्त्यांनी काय करावे

१. पावसाळा, हिवाळा व उन्हाळा अशा प्रत्येक ऋतूत शाळेच्या मुलांची एक शिवारफेरी काढावी. गावातील एखाद्या जाणत्या आजीस किंवा वृद्ध शेतकऱ्यास बरोबर घ्यावे.

२. प्रत्येक मुलाने पाच वनस्पतींची पाने कागदात दाबून वाळवावीत व त्यांखाली गावात चालणारे नाव आणि उपयोग लिहावा. विषारी झाडाची पाने मुलांनी तोडू नयेत. ते झाड दुरून दाखवून त्याचे नाव तांबड्या शाईने लिहवून घ्यावे.

३. शाळा व अंगणवाडी यांच्या आवारातील पिवळी कण्हेर, मोगली एरंड व धोतरा काढून टाकण्याविषयी ग्रामपंचायतीस सुचवावे.

४. शक्य तेथे शाळेच्या आवारात ज्वारी, तूर व अंबाडी यांची एकेक ओळ पेरावी, म्हणजे मुलांस धांडा, शेंग व वाख हाताळावयास मिळेल.

या कामास वेगळा निधी लागत नाही. मोठ्या माणसाने वर्षातून तीन वेळा मुलाचे बोट धरून बांधावरून चालावे आणि ते जे विचारील त्याचे उत्तर द्यावे, एवढेच पुरेसे आहे. बिट्टी हातात येताच ती टाकून देणारे मूल आणि पोखरलेला घाटा पाहून वडिलांस हाक मारणारे मूल, ही दोन्ही या फेरीतूनच तयार होतात.